गुडघे टेकून पाहिलं तेव्हा...

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरचे जुने अल्बम खाली काढले. महाबळेश्वर, माथेरान, गणपतीपुळे. प्रत्येक फोटोत आम्हीच, ओळीनं उभे, हसरे. लेक शेजारी बसून पानं उलटत होती. मध्येच म्हणाली, "आई, यात महाबळेश्वर कुठंय गं?" मी हसले खरी, पण तिचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. इतक्या लांब गेलो आणि पाहिलं काय, तर स्वतःलाच!

त्यावरून आठवण झाली ती सेबास्तियाव साल्गादो या छायाचित्रकाराची. जन्म १९४४चा, ब्राझीलमधल्या आयमोरेस गावचा. शिक्षण अर्थशास्त्राचं. देशात लष्करी राजवट आली, म्हणून १९६९मध्ये पत्नी लेलियासह त्यांनी पॅरिस गाठलं. लेलिया वास्तुशास्त्र शिकत होत्या. इमारतींचे फोटो काढायला त्यांनी कॅमेरा घेतला आणि तो हातात पडला नवऱ्याच्या! त्याचं असं वेड लागलं, की १९७३मध्ये साल्गादोंनी चांगल्या पगाराची नोकरी सोडली. घरात तेव्हा काय बोलणं झालं असेल, याची कल्पना आपण बायका करू शकतो. लेलिया मात्र पाठीशी उभ्या राहिल्या. पुढे त्यांची पुस्तकं आणि प्रदर्शनं त्यांनीच मांडली.

सुरुवातीची कितीतरी वर्षं साल्गादोंचा कॅमेरा माणसांवरच होता. आफ्रिकेतला दुष्काळ, ब्राझीलच्या सोन्याच्या खाणीत मुंग्यांसारखे चढणारे हजारो मजूर, धनबादचे कोळसा कामगार. १९९५मध्ये मुंबईच्या चर्चगेट स्टेशनवर त्यांनी काढलेला फोटो तर प्रसिद्धच आहे. दोन लोकलगाड्या स्थिर उभ्या आणि मधून गर्दी नदीच्या पाण्यासारखी वाहतेय. सगळे फोटो कृष्णधवल.

१९९४मध्ये रवांडात भीषण नरसंहार झाला. तिथली प्रेतं आणि निर्वासितांचे हाल पाहून हा माणूस आतून मोडला. माणूस या प्राण्यावरचा विश्वासच उडाला. शरीरही साथ देईना. डॉक्टरांनी सांगितलं, आता हे काम थांबवा.

दोघं गावी परतले. वडिलांची शेतजमीन आता त्यांच्याकडे आली होती. लहानपणी निम्म्याहून जास्त जंगल होतं तिथं. आता झाडं तोडलेली, गुरांनी चरून उजाड केलेली, माती वाहून गेलेली, झरे आटलेले. साल्गादोंना जशी माणसं मोडलेली दिसली, तशीच ही जमीनही दिसली. तेव्हा लेलिया म्हणाल्या, आपण इथं पुन्हा जंगल लावू या. किती साधं वाक्य! १९९८मध्ये 'इन्स्टिट्यूतो तेर्रा' ही संस्था उभी राहिली. तेर्रा म्हणजे भूमी. सुरुवातीची बरीच रोपं मेली, पण ती दोघं लावत राहिली. तिथल्याच मातीतल्या जातींची वीस लाखांहून जास्त झाडं लागली. झरे वाहू लागले. पक्षी आले, प्राणीही आले.

जंगल वाढत होतं, तशी साल्गादोंची नजरही बदलत होती. वयाच्या साठाव्या वर्षी, २००४मध्ये, त्यांनी निसर्गाचे फोटो काढायला सुरुवात केली. पहिला मुक्काम गालापागोस बेटांवर. तिथल्या महाकाय कासवाचा फोटो घ्यायला ते जवळ गेले, की कासव दूर निघून जाई. मग त्यांच्या लक्षात आलं, माणसाचा फोटो काढताना आपण आधी ओळख करून घेतो, त्याचा मान ठेवतो. मग कासवाचा का नाही? ते गुडघ्यांवर आणि हातांवर वाकले, कासवाच्या उंचीचे झाले. जवळ न जाता उलट थोडे मागे सरकले. मग कासवच पुढे आलं!

मला वाटतं, सगळं त्या वाकण्यात आहे. आयुष्यभर माणूस पाहणाऱ्याला साठाव्या वर्षी कळलं, की समोरचा प्राणीही 'कुणीतरी' आहे. जगाच्या कानाकोपऱ्यात आठ वर्षं फिरून झालेलं 'जेनेसिस' हे पुस्तक २०१३मध्ये आलं. नंतर त्यांनी अॅमेझॉनचं जंगल, तिथले आदिवासी, आभाळातले पावसाचे ढग टिपले. मे २०२५मध्ये, ८१व्या वर्षी, ते गेले. लावलेलं जंगल मात्र उभं आहे.

आता आमचीच गोष्ट सांगते. तीन वर्षांपूर्वी आमच्या महिला मंडळानं गावाबाहेरच्या टेकडीवर शंभर रोपं लावली. हातात रोप घेऊन फोटो काढले, पेपरातही छापून आले. पुढच्या मे महिन्यात गेले, तर जेमतेम नऊ जिवंत! दोष कुणाला द्यायचा? त्याही फोटोत आम्हीच होतो, ओळीनं उभ्या. रोपं कुठं होती?

तेव्हापासून आम्ही पाण्याच्या पाळ्या लावल्यात. सहा जणी, आठवड्यातून एकेक वार. पहिल्या वर्षी कंटाळा यायचा. आता मी रोपापाशी उकिडवी बसते, तेव्हा नवी पालवी दिसते, पानामागची अळी दिसते. उभं राहून हे कधीच दिसलं नव्हतं.

परवा लेकीनं माझ्याच मोबाइलवर एका रोपट्याचा फोटो काढला. जमिनीला गाल टेकून काढला. त्यात मी नाही. पण मैत्रिणींनो, अल्बममध्ये मी तोच सर्वांत आधी लावणार आहे.