एकास पस्तीस : चिलखती बुलडोझर आणि घोड-भीमेची माती

चिलखत चढवलेल्या कॅटरपिलर डी-9आर बुलडोझरचे वजन सुमारे 60 टन असते. पुढच्या पात्यापासून मागच्या, जमीन फोडणाऱ्या रिपरपर्यंत त्याची लांबी जवळपास 8 मीटर भरते. हेच यंत्र 1:35 या प्रमाणात बनवले की सुमारे 23 सेंटिमीटरचे होते आणि अभ्यासाच्या टेबलावर सहज मावते. या प्रमाणाचे गणित विलक्षण आहे. लांबी 35 पटींनी घटते, पृष्ठभाग 1,225 पटींनी आणि आकारमान तब्बल 42,875 पटींनी. मूळ यंत्र त्याच पोलादात जसेच्या तसे लहान करता आले असते, तर त्याचे वजन अवघे 1.4 किलो भरले असते. पावणेसहा फुटी चालक या जगात 5 सेंटिमीटरचा होतो.

वाळूचा कण मात्र लहान होत नाही. अर्ध्या मिलिमीटरचा कण मॉडेलवर पडला की तो साडेसतरा मिलिमीटरच्या खडीसारखा दिसतो. मॉडेल खरे वाटते की खेळण्यासारखे, हे इथेच ठरते. सुटे भाग कारखाना अचूक बनवून देतो. धूळ, चिखल, गंज आणि ओरखडे योग्य मापात उतरवणे ही मात्र बनवणाऱ्याच्या हातची विद्या. मॉडेलकार तिला ‘वेदरिंग’ म्हणतात. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे शिरूर आणि दौंड हे तालुके ही विद्या शिकायला फार सोयीचे आहेत. काळी माती, मुरूम, नदीचा गाळ आणि बेसाल्टचा काळा खडक इथे हाताशी आहे, आणि या मातीत राबणारे डोझर, जेसीबी, पोकलेनही जाता-येता दिसतात.

पुढे जाऊन वाट करणारे यंत्र

लढाईत बुलडोझरचे काम सैन्याच्या पुढे जाऊन वाट मोकळी करण्याचे. पडलेली झाडे, ढिगारे, खंदक, उडवलेले पूल हे सारे बाजूला सारायचे किंवा बुजवायचे. असे काम करणारा चालक उघड्यावर बसला तर तो शत्रूचे पहिले लक्ष्य ठरतो. म्हणून दुसऱ्या महायुद्धात बुलडोझरला पोलादी पत्र्यांचे चिलखत चढले. 6 जून 1944 रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या ब्रिटिश सैन्याकडे असे चिलखती कॅटरपिलर डी-7 होते. वाट काढणारी विशेष यंत्रे सांभाळणाऱ्या 79व्या आर्मर्ड डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल पर्सी होबार्ट हे मूळचे इंजिनिअर दलाचे अधिकारी. उमेदीच्या काळात त्यांनी हिंदुस्थानात बेंगॉल सॅपर्स या इंजिनिअर पथकात नोकरी केली होती. मूळच्या बुलडोझरचा वेग रणगाड्यांच्या मानाने फार कमी. त्यामुळे पुढे सेंटॉर रणगाड्याचा बुरूज काढून त्याला पाते बसवण्याचीही युक्ती झाली.

या साऱ्याशी आपल्या भागाचे नाते जवळचे आहे. घोड नदीकाठचे शिरूर ब्रिटिश काळात लष्करी छावणी होते. 1817 साली उभ्या राहिलेल्या पूना हॉर्स या घोडदळाचा तळ इथे दीर्घकाळ होता. पुढे घोडे गेले आणि रणगाडे आले. याच रेजिमेंटचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांना 1965 च्या आणि सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांना 1971 च्या युद्धातील पराक्रमासाठी मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. दोघेही सेंचुरियन रणगाड्यांतून लढले. 1971 मधल्या बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे रणगाडे सुरुंगांच्या पट्ट्यातून पलीकडे गेले, तेव्हा त्यांच्यासाठी वाट करण्याचे जिवावरचे काम इंजिनिअर जवान करत होते.

हे काम किती कठीण असते ते बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांच्या कामगिरीतून कळते. कारवार तालुक्यातल्या राणे यांच्याकडे एप्रिल 1948 मध्ये नौशेरा-राजौरी रस्ता रणगाड्यांसाठी मोकळा करण्याची जबाबदारी आली. 8 एप्रिलला काम सुरू होण्याच्या बेतात असतानाच तोफगोळे कोसळले. दोन जवान मारले गेले, राणेंसह पाच जण जखमी झाले. तरीही राणे मागे फिरले नाहीत. पुढचे दिवस ते मशीनगनच्या माऱ्यात सुरुंग काढत, आडवे टाकलेले पाइन वृक्ष स्फोटाने उडवत आणि मोडलेल्या मोरीला वळसा घालणारी वाट खोदत पुढे सरकत राहिले. त्यांना परमवीर चक्र मिळाले. 1994 साली त्यांचे निधन पुण्यात झाले. बॉम्बे सॅपर्सचे केंद्र आजही खडकीत आहे. दिघी येथे डीआरडीओची अभियंता-संशोधन संस्था आहे. तिथे विकसित झालेले, नदीपात्र आणि जमिनीची पाहणी करणारे चिलखती वाहन 21 डिसेंबर 2021 रोजी पुण्यात सैन्यात दाखल झाले.

प्लॅस्टिकचे पोलाद होताना

1:35 हे प्रमाण रूढ झाले ते जपानच्या तामिया कंपनीमुळे. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी पँथर रणगाड्याचे मोटरवर चालणारे मॉडेल काढले. आत बॅटऱ्या बसाव्यात अशा बेताने त्याचा आकार ठरला आणि प्रमाण 1:35 च्या आसपास आले. आज चिनी मेंग कंपनीचा डी-9आर आणि युक्रेनच्या मिनीआर्टचा महायुद्धकालीन चिलखती डी-7 हे दोन्ही याच प्रमाणात मिळतात.

डी-9आर बनवताना सर्वांत आधी नजर जाते ती त्याच्या त्रिकोणी चेनकडे. चेन फिरवणारे दातेरी चाक इथे जमिनीलगत नसून वर उचललेले असते. कॅटरपिलरने ही रचना 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात डी-10 या यंत्रावर आणली. चाक वर गेल्यामुळे जमिनीचे धक्के थेट गिअरपर्यंत पोहोचत नाहीत आणि चिखल-दगडांपासूनही ते दूर राहते. मॉडेलमध्ये चेनची एकेक कडी जोडावी लागते. या कामाला चिकाटी लागते, पण चेनला किंचित झोळ पडला की वजनाचा भास आपोआप येतो. ताठ चेन मॉडेलला पोकळ दाखवते.

प्लॅस्टिकचा गोंद चिकटवत नाही. तो पॉलिस्टायरीनचा पृष्ठभाग विरघळवून दोन भाग एकजीव करतो. त्यामुळे थेंब जास्त झाला की चिलखताचा सपाट पत्रा खड्डेदार होतो. चिलखताच्या कडांना वेल्डिंगची जाड शिवण असते. ती दाखवायला किटच्या सांगाड्याची काडी मेणबत्तीवर तापवून ताणतात, केसासारखी तार काढतात, ती सांध्यात बसवतात, गोंदाने मऊ करतात आणि कटरच्या टोकाने तिच्यावर जवळजवळ रेघा उठवतात. बुलेटप्रूफ काच जाड असल्याने तिच्यावर हिरवट झाक येते, म्हणून खिडक्यांना आतून अगदी पातळ हिरवा हात द्यायचा. खऱ्या चिलखताचा पृष्ठभाग पाहायचा असेल तर शिरूरहून ईशान्येला अहिल्यानगर गाठावे. या पूर्वीच्या अहमदनगरातल्या रणगाडा संग्रहालयात 1994 पासून चर्चिल, मॅटिल्डा, व्हॅलेंटाइन, सेंचुरियन, विजयंता असे रणगाडे जवळून पाहता येतात. ओतीव पोलादाचा खरबरीतपणा आणि लाटलेल्या पत्र्याचा सपाटपणा यांतला फरक छायाचित्रात नीट कळत नाही.

प्रत्येक डागाला कारण हवे

रंगकाम झाल्यावर मॉडेल नवेकोरे दिसते. आता त्यावर त्या यंत्राचे आयुष्य उतरवायचे. इथे एकच नियम पाळायचा : कारणाशिवाय डाग नको.

पात्यापासून सुरुवात करू. पात्याची खालची कड दिवसभर मातीत घासते, त्यामुळे ती चांदीसारखी चकाकते. तिथे गंज धरायला वेळच मिळत नाही. यासाठी काळ्या रंगावर शिसपेन्सिलची पूड बोटाने घासली की अस्सल झळाळी येते. पात्याच्या मधल्या भागातला रंग उडालेला असतो आणि ओरखडे उभे असतात, कारण माती तिथे खालून वर गुंडाळत जाते. वरच्या कोपऱ्यांत मूळ रंग टिकून राहतो. आडवे-तिडवे ओरखडे काढले की जाणकार लगेच ओळखतो की या पात्याने माती लोटलेलीच नाही.

पाते उचलणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरचा दांडा क्रोमचा असतो. तो गंजत नाही. सील त्याला दर खेपेला पुसून काढते, म्हणून तो स्वच्छच हवा. मात्र सीलच्या तोंडाशी तेलाचा ओशट थर असतो आणि त्यावर धूळ बसून काळपट चिकटा तयार होतो. धुराड्याचा रंग उष्णतेने जळतो, म्हणून तिथे गंज सर्वांत आधी आणि सर्वांत खोल. पायऱ्यांवर चालकाच्या बुटांनी मध्यभागीच रंग झिजतो, कडेला नाही. ताजा गंज नारिंगी, जुना गंज गडद तपकिरी. पावसात भिजून उभ्या राहिलेल्या यंत्राच्या बोल्टांखाली गंजाचे ओघळ उतरतात, पण ते सरळ खालीच, कारण पाणी तसेच वाहते.

रंगाचे टवके दाखवायची युक्ती साधी आहे. आधी गंजाचा रंग, त्यावर हेअरस्प्रेचा थर, त्यावर वरचा अॅक्रिलिक रंग. मग पाण्यात भिजवलेल्या ब्रशने कडा घासल्या की हेअरस्प्रे विरघळतो आणि वरचा रंग अनियमित तुकड्यांत निघतो. टवक्याचे माप मात्र विसरू नये. मॉडेलवरचा 2 मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्या यंत्रावर 7 सेंटिमीटरचा.

मातीची पूड

आता माती. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या या पट्ट्यात बेसाल्ट झिजून काळी माती तयार झाली आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि सुकताना आक्रसते, म्हणूनच उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात. ओली असताना ती चेनच्या कड्यांत गच्च बसते आणि जाता जात नाही. वाफसा आला की तीच माती भुरभुरीत होऊन ढेकळांत सुटते. सुकल्यावर तिचा काळा रंग राखाडी-तपकिरी होतो. मुरूम पिवळसर-तांबूस असतो, तर दौंडजवळच्या भीमेचा गाळ फिकट आणि पिठासारखा. यंत्र कुठे राबले ते या रंगांवरून सांगता येते, म्हणून तिन्हींची भेसळ करू नये.

रानातली माती थेट वापरता येत नाही, कारण कण मोठे असतात. आधी ती तव्यावर भाजून कोरडी करायची, म्हणजे बुरशी लागत नाही. मग खलबत्त्यात कुटायची. या वेळी तोंडावर मास्क हवाच. कुटलेली पूड उंच बरणीत पाण्यात ढवळून ठेवायची. मोठे कण आधी तळाला जातात, कारण कणाचा व्यास दुप्पट झाला की त्याचा बुडण्याचा वेग चौपट होतो. मिलिमीटरचा पन्नासावा भाग एवढा कण 10 सेंटिमीटर खाली जायला साधारण साडेचार मिनिटे घेतो. म्हणून पाच मिनिटांनी वरचे 10 सेंटिमीटर गढूळ पाणी अलगद ओतून घेतले की त्यात त्याहून बारीक कणच उरतात. ते पाणी आटवून मिळालेली पूड मॉडेलच्या मापाची धूळ ठरते.

ही पूड मऊ ब्रशने खाचाखोचांत भरून रंगाच्या पातळकाने स्थिर करतात. जाड चिखल हवा असेल तर तीच पूड पांढऱ्या गोंदात कालवतात, पण काळ्या मातीचा जाड थर मॉडेलवरही सुकताना आक्रसतो आणि पापुद्रे सोडतो. त्यासाठी आत थोडी बारीक मुरुमाची पूड मिसळून थर पातळ-पातळ द्यावे लागतात. चेनवर चिखल आधी कड्यांच्या सांध्यांत भरायचा, मग जमिनीला टेकणाऱ्या कडा पुसून धातू उघडा करायचा. कारण फिरणारी चेन स्वतःच स्वतःला घासून काढते.

मॉडेलची जागा

तयार बुलडोझर नुसत्या लाकडी फळीवर ठेवता येतो. पण तो जमिनीवर ठेवला तर त्याचे काम दिसते. दिवाळीत माती-दगडांचा किल्ला बांधणाऱ्या आणि त्यावर मोहरी-अळीव पेरून हिरवळ उगवणाऱ्या मराठी मुलांना लहान मापात डोंगर कसा उभा करायचा हे कुणी शिकवायला नको. तीच सवय इथे उपयोगी पडते. फक्त माप एकच राखायचे आणि पात्यापुढच्या मातीचा ढीग पात्याच्या वळणाशी जुळवायचा.

शेवटी पाटी. तिच्यावर यंत्र, सैन्य, वर्ष आणि माती कुठली ते लिहावे. त्यात कडू माहितीही टाळू नये. राणे आणि त्यांचे जवान ज्या कामात उघड्या अंगाने मशीनगनसमोर गेले, त्या कामात चालकाचा जीव वाचवण्यासाठी चिलखती बुलडोझर जन्मला. त्याच जातीची यंत्रे वापरून पुढे इस्रायली लष्कराने पॅलेस्टिनी वस्त्यांतली घरे पाडली, आणि मार्च 2003 मध्ये गाझातल्या राफा इथे अशा बुलडोझरपुढे उभी राहिलेली 23 वर्षांची अमेरिकन कार्यकर्ती रेचल कॉरी मृत्यू पावली. पात्यावरचा प्रत्येक ओरखडा कारणासह उतरवायचा असेल, तर ते पाते कशाकशावर चालले हेही पाटीवर यायलाच हवे. एवढी निष्ठा राखून बनवलेले 23 सेंटिमीटरचे यंत्र पाहणाऱ्याला यंत्रशास्त्र, मातीचा स्वभाव आणि इतिहास अशा तिन्ही गोष्टी शिकवते. शिरूर-दौंडच्या एखाद्या शाळेने विज्ञान प्रदर्शनासाठी असा प्रकल्प जरूर हाती घ्यावा. माती तर मुलांच्या बांधावरच आहे.