विमानतळाहून लासूर स्टेशनापर्यंत



लासूर स्टेशन हें नांव आपणांपैकीं पुष्कळांनीं गाडीच्या खिडकींतूनच वाचलें असेल. मनमाडहून छत्रपति संभाजीनगराकडे जातांना रोटेगांव मागें पडलें कीं कांहीं वेळानें तें येतें. मुलें परदेशीं गेल्यामुळें माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकालाहि उतारवयांत विमानांत बसण्याचा योग येतो. पण सातासमुद्रांपलीकडून येतांना जितके श्रम होत नाहींत, तितके सहारच्या विमानतळापासून बोरीबंदरापर्यंतच्या पंचवीसएक किलोमीटरांत होतात. आज त्याच वाटेसंबंधीं बोलावयाचें आहे.

प्रथम वजनाचा हिशेब पाहूं. अमेरिकेहून येणाऱ्या विमानांत बहुधा माणशीं 23 किलोच्या दोन पेट्या आणूं देतात. म्हणजे 46 किलो झाले. आपली रेल्वे शयनयानांत 40, साध्या दुसऱ्या वर्गांत 35 आणि द्वितीय वातानुकूलित वर्गांत 50 किलो सामान विनामूल्य नेऊं देते. शिवाय पेटी साधारणतः 100 सेंटीमीटर लांब, 60 रुंद व 25 जाड याहून मोठी नसावी असा नियम आहे. परदेशीं मिळणारी मोठी पेटी जाडीला तीसच्या घरांत जाते आणि बाकाखालीं सरकतां सरकत नाहीं. जें सामान विमानानें बिनतक्रार आणलें तेंच रेल्वेंत अधिक ठरतें. म्हणून दोन अवजड पेट्यांपेक्षां एक मोठी व दोन लहान बऱ्या, असें माझें मत झालें आहे. मुलांना मात्र तें पटत नाहीं, कारण त्यांच्या हिशेबीं सामान नेहमीं चाकांवरच चालतें. दादरच्या पुलाच्या पायऱ्या त्यांना आठवत नाहींत!

या पायऱ्यांचा अनुभव मला 2019 सालीं आला. टॅक्सीचें भाडें वांचवावें म्हणून मी सपत्नीक अंधेरीस लोकल धरावयास गेलों. वेळ सायंकाळची. सौभाग्यवती एक पेटी घेऊन आंत लोटली गेली, आणि दुसरी पेटी व मी फलाटावर! गाडी अर्ध्या मिनिटांत निघून गेली. तिचा फोन माझ्या खिशांत होता. दादरपर्यंतचा तो वेळ माझा कसा गेला तें सांगवत नाहीं. सुदैवानें, चुकामूक झालीच तर दादरला उतरून त्याच फलाटावर उभें राहावयाचें, असें आम्हीं निघतांनाच ठरविलें होतें. ती पेटीवर बसून शांतपणें वाट पाहत होती. मला पाहतांच म्हणाली, "अहो, वांचले किती?" त्या दिवसापासून भरल्या लोकलमध्यें सामान चढविण्याचें मीं सोडलें.

आतां परिस्थिति पालटली आहे. भुयारी मेट्रोचा आरेपासून कफ परेडपर्यंतचा सबंध मार्ग ऑक्टोबर 2025 मध्यें खुला झाला. त्यावर विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलचें स्थानक आहे आणि छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसचेंहि आहे. लिफ्ट व सरकते जिने असल्यानें पेटी उचलावी लागत नाहीं. मात्र रात्रीं साडेदहानंतर हिचा भरंवसा धरूं नये, आणि परदेशचीं विमानें तर बहुधा मध्यरात्रींच उतरतात. अशा वेळीं घाईनें बाहेर न पडतां विमानतळावरच बसून राहावें व पहाटे रस्ते मोकळे असतांना टॅक्सीनें निघावें. सहाच्या सुमाराची तपोवन मिळते. रिक्षा स्वस्त खरी, परंतु तिला शीव व वांद्रे यांच्या दक्षिणेस मज्जाव आहे. बोरीबंदरास ती नेणार नाहीं.

येथें कोणी विचारील कीं, गाडी शेवटीं ठाण्यावरूनच जाणार, मग उलट दक्षिणेस जावेंच कां? रस्त्यानें ठाणें सोयीचें, हें खरें. पण ठाण्यास गाडी दोन-चार मिनिटें थांबते. बोरीबंदरास ती आधींच फलाटाला लागते, हमालाशीं दर ठरवून सावकाश चढतां येतें. साठी उलटलेल्यांनीं आरंभाच्या स्थानकावरूनच बसावें. तरुणांनीं ठाणें पत्करावें, परंतु आरक्षण करतांनाच चढण्याचें स्थानक तें लिहावें, नाहींतर जागा दुसऱ्यास जावयाची. दिवसा उतरून रात्रींची देवगिरी धरावयाची असेल तर सामान क्लोकरूममध्यें ठेवतां येतें. तेथें कुलूप नसलेली पेटी घेत नाहींत, म्हणून कुलूप जवळ असावें.

पूर्वीं आम्हां लासूरकरांना मनमाडास आणखी एक संकट असे. आमचा मार्ग अरुंद, मुंबईचा रुंद. म्हणून सारें बोचकें उतरवून दुसऱ्या गाडींत चढवावें लागे. नव्वदच्या दशकांत मार्ग रुंद झाला आणि ती यातायात संपली. आतां मनमाडास झोप मोडत नाहीं, हाच धोका! लासूरला गाडी अगदीं थोडा वेळ थांबते, आणि देवगिरी तेथें पहाटेच्या अंधारांत येते. म्हणून रोटेगांव गेलें कीं आम्ही उठतों, पेट्या दाराशीं आणतों. आधीं मी उतरतों, मग ती वरून एकेक पेटी ढकलते, आणि शेवटीं हात धरून स्वतः उतरते.