पाटी आणि पहारेकरी

वाड्याच्या दिंडीदरवाजावर ‘परवानगीवाचून आत येऊ नये’ अशी पाटी असते. पाटीने चोर अडत नाही. तो अडतो कडीकुलपाने. मग पाटी कशाला? भुलून आलेल्याला ती सावध करते, आणि हेतुतः शिरलेल्याची ‘मला ठाऊक नव्हते’ ही सबब काढून घेते. संगणकांच्या जाळ्यावरील अशा पाटीला बॅनर म्हणतात. आपल्याकडील २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ४३ वे कलमही मालकाच्या परवानगीवाचून केलेल्या प्रवेशाबद्दलच बोलते.

तथापि पाटी केवळ परक्यासाठी नसते. डिसेंबर १९९२ मध्ये अमेरिकेतील ‘सर्ट’ ह्या संस्थेने, तेथील न्याय खात्याच्या सल्ल्यास अनुसरून, संगणकचालकांना एक सूचना दिली : लोक कळफलकावर काय टंकतात ह्यावर नजर ठेवणार असाल, तर तसे आधी स्पष्ट सांगा. पाहणाऱ्यालाही मर्यादा असते, हे तत्त्व त्यात मान्य झाले होते.

पाटी लावणे अवघड नाही. लिनक्स यंत्रावर मजकूर एका फाइलीत लिहायचा आणि दुरून प्रवेश देणाऱ्या ‘एसएसएच’च्या मांडणीत ‘बॅनर’ ह्या शब्दापुढे त्या फाइलीचा पत्ता द्यायचा. म्हणजे परवलीचा शब्द विचारण्यापूर्वीच ती दिसते. यंत्रणा कोणाची, प्रवेश कोणाला, आणि वापराची नोंद होते की नाही, एवढे तीत असावे. प्रणालीचे नाव वा आवृत्ती मात्र लिहू नये. कुलपाची जात चोराला आपण होऊन का सांगावी?

आता पहारेकरी, म्हणजे प्रॉक्सी. हा आपला मुखत्यार होय. आपण संकेतस्थळाकडे थेट न जाता ह्याला सांगतो. तो जाऊन जिन्नस आणतो, नोंद ठेवतो, वारंवार लागणारे जवळ साठवतो. ‘स्क्विड’ हा असा प्रसिद्ध मुखत्यार. त्याचे नियम वरून खाली वाचले जातात आणि जो पहिला लागू पडतो तोच निर्णय ठरतो. म्हणून आपल्या माणसांना परवानगी देणाऱ्या ओळी वर आणि ‘बाकी सर्वांना मनाई’ ही ओळ शेवटी हवी. ‘सर्वांना मुभा’ ही ओळ चुकून वर पडली, तर खालचे सारे नियम व्यर्थ. मग जगातील कोणीही आपल्या मुखत्याराकरवी उपद्व्याप करील आणि पत्ता मात्र आपला लागेल.

सुरक्षित ‘एचटीटीपीएस’ व्यवहारात प्रॉक्सीला सामान्यतः पाकिटावरील पत्ता कळतो, आतले पत्र नव्हे. परंतु कचेरीने आपल्या यंत्रांवर स्वतःचे प्रमाणपत्र बसविले असेल, तर ती पाकीट फोडून पुन्हा बंद करू शकते. रोगट फाइली अडविण्यासाठी हे कधी करावेही लागते. पण त्याच वाटेने कर्मचाऱ्याचे खासगी पत्रही उघडे पडते.

पाटी आणि पहारेकरी ह्यांचा संबंध येथे ध्यानात येतो. पहारा अवश्य ठेवावा. पण तो ठेवला आहे, हे दारावर लिहावे. न सांगता ठेवलेला पहारा ही पाळत होय, आणि पाळतीखाली विश्वास टिकत नाही, असे आम्हांस वाटते.