वाढपी यंत्राची जन्मकथा

कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेत कपिलधारला पंगतीत जेवलेल्या माणसाला ‘सर्व्हर’ हा शब्द समजावून सांगणे अवघड नाही. सर्व्हर म्हणजे वाढपी. पंगतीतला प्रत्येक जण उठून वरणाच्या पातेल्यात स्वतःच हात घालू लागला तर काय होईल, हे सांगायला नकोच! संगणकांच्या जगात मात्र काही काळ तसेच चालले होते.

आयबीएमचा पीसी १९८१ साली बाजारात आला, तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हतीच. १९८३ च्या एक्सटी या नमुन्यात ती आली, तीही अवघी १० मेगाबाइटची. आजचे दोन-तीन फोटो तीत जेमतेम मावतील. एवढी महाग वस्तू प्रत्येक टेबलावर देणे परवडणारे नव्हते. म्हणून एकच डिस्क तारांनी अनेक यंत्रांना जोडण्याची युक्ती निघाली. पण त्या व्यवस्थेत प्रत्येक यंत्र डिस्कवर थेट लिही आणि घोटाळा तेथेच होता. समजा, एका खात्यात ५०० रुपये आहेत. दोन खिडक्यांवरच्या कारकुनांनी एकाच वेळी ती शिल्लक वाचली, प्रत्येकाने ३०० रुपये दिले आणि शिल्लक २०० लिहिली. दिले ६००, वजा झाले ३००!

यावर अमेरिकेतील नॉव्हेल कंपनीने १९८३ मध्ये नेटवेअर ही प्रणाली आणली. आता डिस्कला हात लावण्याचा अधिकार एकाच यंत्राला. इतरांनी केवळ अमुक फाइल हवी म्हणून मागायचे. एकाचे काम होईपर्यंत नोंदीला कुलूप लावण्याची सोयही तीत होती. नॉव्हेलचा पहिला सर्व्हर मोटोरोला ६८००० या चिपवरचा, खास बनावटीचा होता. पण लवकरच ही प्रणाली साध्या एक्सटीवरही चालू लागली. माझ्या मते खरी क्रांती हीच. यंत्र तेच टेबलावरचे, शिस्त तेवढी नवी.

१९८५ साली इंटेलची ८०३८६ ही चिप आली आणि १९८९ मध्ये कॉम्पॅकने सिस्टमप्रो काढला. हा सर्व्हर म्हणूनच घडविलेला पीसी. त्यात दोन प्रोसेसर बसत आणि एका डिस्कवरचा मजकूर दुसरीवरही उतरवून ठेवता येई. कारण वाढपीच आजारी पडला तर सारी पंगत उपाशी.

आपल्याकडे बँकांच्या संगणकीकरणावरील रंगराजन समितीचा अहवाल १९८४ चा. नोकऱ्या जातील या भयाने कर्मचारी संघटनांनी विरोध केला, तरी १९९० नंतर शाखाशाखांतून हे यंत्र आलेच. आमच्याकडच्या एका शाखेत ते काचेच्या थंडगार खोलीत ठेवलेले असे; आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. पिकाचे कर्ज मागायला आलेल्या शेतकऱ्यालाही लवकरच इंग्रजीचे दोन शब्द पाठ झाले : ‘सर्व्हर डाऊन’.