बारावीचे ओझे आणि बारावीचे बळ

दहावीचा निकाल लागला, की रायपूरच्या मराठी घरांतून एक प्रश्न हटकून चर्चेस येतो : मुलाने पुढे गणित घ्यावे, जीवशास्त्र घ्यावे, की या दोहोंच्या वाटेसच जाऊ नये? काका मत देतात, शेजारी मत देतात. ज्याला अभ्यास करावयाचा, त्याचे मत बहुधा सर्वांत शेवटी विचारले जाते. वाचकहो, त्याच्यापुढे दोन वर्षांत काय वाढून ठेवलेले असते, ते आपण आधी पाहू.

दहावीत नव्वद गुण मिळविणारी मुलेही अकरावीच्या प्रारंभी गांगरतात, कारण पाठांतराच्या बळावर जाण्याचे दिवस तेथे संपतात. त्यातही एकच धडा दोनदा शिकावा लागतो. कॅल्क्युलसचे उदाहरण मंडळाच्या परीक्षेत पायरीपायरीने लिहावयाचे असते. शेवटचे उत्तर चुकले तरी बरोबर पायऱ्यांचे गुण पदरात पडतात. जेईई मेनमध्ये पायऱ्या कोणी पाहत नाही. उत्तर बरोबर आले तर चार गुण, चुकले तर एक गुण वजा. एका परीक्षेस नेटके लेखन हवे, दुसरीस वेग हवा आणि न येणारा प्रश्न सोडून देण्याचे धैर्यही हवे. शिवाय एनआयटीतील प्रवेशासाठी सर्वसाधारण विद्यार्थ्यास बारावीत ७५ टक्के गुण मिळवावे लागतात, अथवा आपल्या मंडळाच्या वरच्या वीस शतमकांत यावे लागते. म्हणून एकीसाठी दुसरीकडे दुर्लक्ष करण्याची सोय नाही. दिवसा शाळा, संध्याकाळी कोचिंग आणि रात्री दोन्हींचा गृहपाठ, असा क्रम मग सुरू होतो.

हे सारे सोसावेच का? आवड असेल तर अवश्य सोसावे, असे आमचे मत आहे. न सुटणाऱ्या उदाहरणापाशी तासभर चिकाटीने बसण्याची सवय एकदा लागली, की ती पुढे कोणत्याही व्यवसायात उपयोगी पडते. आणि रायपूरच्या मुलास त्याचे फळ घराजवळच मिळू शकते. १९५६ साली खाणकाम व धातुशास्त्राचे शासकीय महाविद्यालय म्हणून सुरू झालेली संस्था आज एनआयटी आहे व तिच्या निम्म्या जागा राज्यातील विद्यार्थ्यांसाठी असतात. नक्षलग्रस्त भागांतील मुलांसाठी शासनाने २०१० मध्ये रायपुरात 'प्रयास' हे निवासी विद्यालय उघडले. बस्तरच्या आडगावातून आलेल्या मुलास अवघड अभ्यासक्रम हा जाच वाटत असेल, परंतु अभियंता होण्याचा दुसरा रस्ता त्याच्यासाठी कोणता होता?

खरा जाच परीक्षेभोवती जमणाऱ्या कोलाहलाचा आहे. २०२२ मध्ये राज्य शासनाने गुणवत्ता यादीतील मुलांना हेलिकॉप्टरमधून रायपूरवर फिरवून आणले. मुलांची हौस झाली, हे खरे. पण त्या मोजक्या मुलांबरोबर परीक्षा दिलेली लाखो मुले जमिनीवरच होती, आणि त्यांच्या घरी त्या दिवशी काय बोलणे झाले असेल, याची कल्पना करावी. त्यापेक्षा २०२४ चा उपक्रम आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. छत्तीसगढ माध्यमिक शिक्षण मंडळाने त्या वर्षी जुलैपासून दुसरी मुख्य परीक्षा घेतली. अनुत्तीर्णांप्रमाणेच गुण वाढवू इच्छिणाऱ्यांनाही तीस बसता आले. ऐन परीक्षेत ताप आला म्हणून वर्ष बुडण्याचे भय त्यामुळे उणावले. जेईई मेनही वर्षातून दोनदा होते.

विषय झेपत नसेल, तर ते अकरावीच्या दिवाळीपर्यंत घरात मोकळेपणाने बोलले जावे. पुढे प्रत्येक महिन्यागणिक बदल कठीण होत जातो. कला अथवा वाणिज्य शाखेच्या मुलासही बिलासपूरच्या गुरू घासीदास केंद्रीय विद्यापीठाचे दार खुले आहे, हे त्यास वेळीच सांगावे. मूल जेवेनासे झाले, रात्र रात्र जागू लागले, तर गुणांची चौकशी बाजूस ठेवून 'टेली-मानस' या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावावा. ती सेवा रात्रंदिवस चालू असते, तीस पैसे पडत नाहीत आणि पालकांनाही तेथे सल्ला विचारता येतो.