आत्याचा गळका स्लॅब आणि एक संशोधन-प्रश्न

गेल्या जूनमध्ये रत्नागिरीच्या आत्याचा फोन आला. घर जुनं, जांभ्याच्या चिऱ्यांचं, वर मंगलोरी कौलं. मागची पडवी काढून तिथे उन्हाळ्यात बाथरूम बांधून घेतलं होतं आणि त्यावर छोटा स्लॅब. मटेरियलसकट 3 लाख 80 हजार रुपये. करारपत्र वगैरे काही नाही. कंत्राटदाराच्या डायरीतलं एक पान, त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो आणि यूपीआयच्या नोंदी, एवढंच. मिरगाचा पहिला जोराचा पाऊस झाला आणि स्लॅब जिथे जुन्या भिंतीला टेकतो तिथून पाणी उतरायला लागलं. आठवड्याभरात प्लास्टर फुगलं.

मी तंटे आणि ते मिटवण्याच्या जागा यांवर पीएचडी करते, म्हणून घरच्यांना वाटलं की हिला विचारलं की उत्तर मिळेल. उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण या निमित्ताने मला नेहमी विचारला जाणारा एक प्रश्न नीट सांगता येईल असं वाटलं: ‘विषय आहे, पण संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा?’

पहिल्या झटक्यात सुचणारा प्रश्न असा असतो: ‘रत्नागिरी जिल्हा ग्राहक आयोगात बांधकामाच्या तक्रारींचं काय होतं?’ वाईट नाही. निकाल ऑनलाइन वाचायला मिळतात, मोजता येतात, तक्ता करता येतो. पण आत्याची तक्रार त्या तक्त्यात आहे का? नाही. तिने आयोगाचं नावही काढलं नव्हतं. पहिले पंधरा दिवस तर तिच्या मते ती तक्रारच नव्हती. ‘ओल यायचीच गं, कोकण आहे हे.’

फेल्स्टिनर, एबल आणि सरात या तिघांचा 1980-81 मधला एक लेख या विषयात काम करणाऱ्याला टाळता येत नाही. त्यांचं म्हणणं असं की तंटा आयता जन्माला येत नाही, तो टप्प्याटप्प्याने घडतो. आधी झालेल्या नुकसानाला नाव द्यावं लागतं, मग कुणाकडे तरी बोट दाखवावं लागतं, मग त्याच्याकडे काही मागावं लागतं आणि त्याने नकार दिला की तंटा. प्रत्येक टप्प्यावर माणसं गळतात. कोर्टापर्यंत पोचतात ते अगदी थोडे. म्हणजे नुसते निकाल वाचून ‘लोकांच्या तक्रारी अशा असतात’ असं लिहिणं हे दवाखान्यातल्या रांगेवरून गावाची तब्येत सांगण्यासारखं आहे. याला निवडीचा पूर्वग्रह म्हणतात आणि व्हायवाला परीक्षक नेमका तिथेच हात घालतात.

आत्याच्या बाबतीत नाव द्यायचं काम ओळखीच्या एका सिव्हिल इंजिनिअरने केलं. त्याने स्लॅबवर बादलीभर पाणी ओतलं. पाणी पन्हळीकडे जायच्या ऐवजी जुन्या भिंतीकडे आलं. उतार उलटा होता, सांधा भरलेलाच नव्हता. त्याने आणखी एक विचारलं: स्लॅबवर आळी बांधून पाणी किती दिवस ठेवलं होतं? आत्या म्हणाली, दोन दिवस, मग टँकर परवडेना. आयएस 456 हे भारतीय मानक साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान 7 दिवस ओलं ठेवायला सांगतं. त्याच मानकात समुद्रकिनाऱ्याच्या उघड्या हवेला ‘तीव्र’ परिस्थिती मानलंय आणि तिथल्या आरसीसीसाठी कमीत कमी एम30 दर्जा आणि सळीवर 45 मिमी काँक्रीटचं आवरण सांगितलंय. डायरीच्या पानावर दर्जाबिर्जा काही नव्हतं, फक्त ‘स्लॅब’ असं लिहिलं होतं.

इथे अर्थशास्त्रातली एक कल्पना उपयोगी पडते. डार्बी आणि कार्नी यांनी 1973 मध्ये अशा सेवांबद्दल लिहिलं, ज्यांचा दर्जा घेतल्यानंतरसुद्धा गिऱ्हाइकाला सहज कळत नाही. दुरुस्तीची कामं हे त्यांचं ठळक उदाहरण. हापूस गोड की आंबट हे खाल्ल्यावर तरी कळतं. काँक्रीटच्या आत सळी किती खोल आहे हे आत्याला कधीच कळणार नव्हतं. म्हणून ‘ओल यायचीच’ हे वाक्य अडाणीपणाचं नाही. तिच्याकडे जेवढी माहिती होती त्यातून निघणारा तो सरळ निष्कर्ष होता.

बोट दाखवण्याचा टप्पा जास्त गमतीचा निघाला. कंत्राटदार म्हणाला, जांभा पाणी पितो, दोष जुन्या भिंतीचा. यात तथ्य आहेच, जांभा सच्छिद्र असतो. मग सिमेंट हलकं असल्याचं निघालं. मग ‘तुम्हीच स्वस्तात करा म्हणालात’. मुलाखती घ्यायला जाल तेव्हा या स्पष्टीकरणांचा क्रम टिपून ठेवा. कोण काय म्हणालं याइतकंच कशानंतर म्हणालं हेही महत्त्वाचं असतं.

आता मागण्याचा टप्पा, म्हणजे कायदा. हे थोडं सविस्तर सांगते, कारण कायद्याचा विद्यार्थी नसलेले लोक याला हात लावायला घाबरतात.

घरबांधणी ही ‘सेवा’ आहे हे सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या खटल्यात स्पष्ट केलं. सध्याच्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, जो जुलै 2020 पासून लागू झाला, सेवेच्या व्याख्येतच घरबांधणी आहे. मटेरियलसकट ठरलेल्या रकमेत काम घेणारा कंत्राटदार त्यात बसतो. पण तुम्ही गवंडी रोजावर ठेवलात, सिमेंट-वाळू स्वतः आणलीत आणि रोज उभं राहून त्याच्याकडून काम करून घेतलंत, तर अडचण येऊ शकते. ‘वैयक्तिक सेवेचा करार’ कायद्याने बाहेर ठेवलाय. हा फरक 1995 च्या इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या निकालात समजावलाय. खटला डॉक्टरांचा, उपयोग गवंड्यालाही. कोकणात मजुरीवर काम देण्याची पद्धत सर्रास आहे, तेव्हा किती घरमालक या रेषेच्या पलीकडे पडतात हा एक स्वतंत्र प्रबंध होईल.

महारेराचं नाव लोक लगेच घेतात. ते इथे लागू नाही. तो कायदा विकण्यासाठी बांधणाऱ्या प्रवर्तकासाठी आहे, स्वतःचं घर दुरुस्त करून घेणाऱ्याच्या कंत्राटदारासाठी नाही.

दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात, आणि 5 लाखांपर्यंत फी शून्य. 2019 च्या कायद्यामुळे तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्यातही दाखल करता येते, ऑनलाइनही करता येते. समोरच्याला उत्तर द्यायला 30 दिवस, फार तर आणखी 15. ही 45 दिवसांची मर्यादा ओलांडता येत नाही असं घटनापीठाने 2020 मध्ये सांगितलं. निकालासाठी कायदा 3 महिने म्हणतो, पण ते वेळापत्रक पाळलं जातंच असं नाही. आयोग दोष दूर करायला सांगू शकतो, पैसे परत द्यायला लावू शकतो, भरपाई देऊ शकतो. पण सेवेत त्रुटी होती हे सिद्ध करायची जबाबदारी आधी तक्रारदाराची. म्हणून इंजिनिअरचा लेखी अहवाल आणि तारखेसकट फोटो. आणि ते दुरुस्ती करण्याआधीचे! एकदा नवं प्लास्टर चढलं की पुरावा त्याच्या खाली जातो.

मुदत दोन वर्षांची. ऐकायला भरपूर वाटते. पण आत्याला मिळालेली उत्तरं बघा: जूनमध्ये ‘पाऊस गेला की बघू’, सप्टेंबरमध्ये ‘गणपती होऊ देत’, मग ‘दिवाळीनंतर’, मग ‘माणसं शिमग्याला गावाला गेलीत’. की आला पुन्हा मिरग. असं दोनदा झालं की मुदत संपायला येते. उशीर माफ होऊ शकतो, पण कारण पटवावं लागतं. कायद्याचं कॅलेंडर आणि गावाचं कॅलेंडर असं एकमेकांवर ठेवून पाहणारा अभ्यास मला वाचायला फार आवडेल.

आत्याने तक्रार का केली नाही? मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘त्याची आई आरतीला आपल्याकडे येते.’ स्ट्युअर्ट मॅकॉले यांनी 1963 मध्ये अमेरिकेतल्या उद्योजकांबद्दल लिहिलं होतं की करार हातात असूनही ते वाद मिटवताना तो सहसा बाहेर काढत नाहीत, कारण पुढचा व्यवहार टिकवायचा असतो. आत्याला व्यवहार टिकवायचा नव्हता, शेजार टिकवायचा होता.

मार्क गॅलँटर यांचा 1974 चा लेख सांगतो की कोर्टात वारंवार येणारे पक्ष एकदाच येणाऱ्यांपेक्षा वरचढ ठरतात. मी हे आधी सरळ इथे लावलं होतं: कंत्राटदार मुरलेला, आत्या नवखी. गाइडनी खोडून टाकलं, आणि बरोबर खोडलं. हा चार माणसांचा कंत्राटदार आयोगाची पायरी कधी चढलेलाच नाही. तो वारंवार येतो तो वाडीत. पुढची तीन कामं त्याला तिथेच मिळायचीत. सिद्धांत उचलताना तो कुठल्या आकाराच्या माणसासाठी शिवलाय हे बघायला हवं होतं.

आणि म्हणूनच जे चाललं ते वेगळंच होतं. इंजिनिअरचा दोन पानी अहवाल आणि एक साधं पत्र रजिस्टर पोस्टाने गेलं. पत्रात उलटा उतार, न भरलेला सांधा, दुरुस्तीसाठी 30 दिवस आणि न झाल्यास जिल्हा आयोग, एवढंच. धमकीचा सूर नाही. चौथ्या दिवशी कंत्राटदार वडिलांना घेऊन आला. वर्गीकरणात याला काय म्हणू, कायदेशीर की सामाजिक? मी अजून ठरवलेलं नाही. दोन्हींतलं एक काढलं असतं तर तो आला नसता असं मला वाटतं.

संशोधनाचा प्रश्न आता असा झालाय: ‘लहान गावात घरदुरुस्तीची तक्रार कुठल्या टप्प्यावर कागदावर उतरते, आणि कागद आल्यावर नात्यातल्या बोलणीत काय बदलतं?’ यासाठी आयोगाचे निकाल लागतीलच, पण त्याआधी इंजिनिअर, हार्डवेअरचे दुकानदार, गवंडी यांच्याकडे जावं लागेल. न झालेल्या तक्रारी त्यांनाच माहीत असतात.

नोव्हेंबरात स्लॅबचा वरचा थर उकरून उतार नव्याने केला. सामान कंत्राटदाराचं, मजुरी निम्मी-निम्मी. या वेळी आळी बांधून पाणी पूर्ण सात दिवस ठेवलं, टँकरचे पैसे आत्याने दिले. मूळ कामातले 25 हजार तिने अजून हातात ठेवलेत. पुढच्या गणपतीला देईन म्हणते, भिंत कोरडी राहिली तर.