विश्लेषण : कुत्र्याच्या गुडघ्याचे लिगामेंट तुटले, शस्त्रक्रियेशिवाय तो पुन्हा नीट चालू शकतो का?

मागचा पाय अचानक उचलून धरणाऱ्या कुत्र्यांमध्ये गुडघ्यातील लिगामेंटची दुखापत हे सर्वाधिक आढळणाऱ्या कारणांपैकी एक आहे. वाढलेले वय, इतर आजार, भुलीचा धोका किंवा खर्च यामुळे प्रत्येक घराला शस्त्रक्रियेचा मार्ग परवडतोच असे नाही. अशा वेळी ‘बिनशस्त्रक्रियेचा उपचार’ म्हणजे नेमके काय, तो कोणत्या कुत्र्याला लागू पडतो आणि तो थांबवून शस्त्रक्रियेकडे कधी वळायचे, हे समजून घेऊ.

गुडघ्यात नेमके काय बिघडते?

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना गुडघ्याच्या आत दोन लिगामेंट, म्हणजेच अस्थिबंध, एकमेकांना छेद देत बांधून ठेवतात. यातील पुढचे लिगामेंट नडगीचे हाड पुढे सरकू देत नाही. माणसांत, विशेषतः फुटबॉलपटूंमध्ये, ‘एसीएल’ची दुखापत ऐकायला मिळते, तेच हे लिगामेंट.

फरक आहे तो रचनेत. कुत्र्याच्या नडगीच्या हाडाचा वरचा पृष्ठभाग मागच्या बाजूला उतरता असतो. हा उतार बहुतेक कुत्र्यांत २० ते ३० अंशांच्या घरात असतो. चढावर उभी असलेली भरलेली हातगाडी डोळ्यांसमोर आणा. ती घसरू नये म्हणून एका दोराने बांधून ठेवली आहे. कुत्रा पाय टेकवतो तेव्हा प्रत्येक पावलाला या दोरावर ताण येतो. गाडीतील माल जितका जास्त, तितका ताण जास्त. म्हणूनच या आजारात कुत्र्याचे वजन हा मुद्दा वारंवार येतो.

हा दोर बहुतेक वेळा एका झटक्यात तुटत नाही. त्याचे तंतू अनेक महिने झिजत असतात. मग सोफ्यावरून मारलेली साधी उडी किंवा बागेत घेतलेले एक वळण निमित्त ठरते. ‘काल तर व्यवस्थित खेळत होता’ असे घरच्यांना वाटते, ते त्यामुळेच. झीज हेच कारण असल्याने पुढे दुसऱ्या पायाचे लिगामेंट तुटण्याचे प्रमाणही मोठे आहे. साधारण निम्म्या कुत्र्यांमध्ये हे घडते. लॅब्रॅडॉर, रॉटवायलर, गोल्डन रिट्रीव्हर, सेंट बर्नार्ड अशा मोठ्या जातींना धोका अधिक.

घरी कोणती लक्षणे दिसतात?

- मागचा पाय उचलून तीन पायांवर चालणे किंवा फक्त नखे टेकवणे.
- बसताना दुखरा पाय मुडपून अंगाखाली न घेता बाजूला पसरून बसणे.
- झोपेतून उठल्यावर पहिली काही पावले अडखळणे.
- दुखऱ्या पायाची मांडी दुसऱ्या मांडीपेक्षा बारीक दिसणे.
- गुडघ्याच्या आतल्या बाजूला कडक सूज हाताला लागणे.

चार-पाच दिवसांत लंगडणे कमी झाले की ‘लचक होती, गेली’ असे समजून अनेक जण कुत्र्याला पुन्हा मोकळे सोडतात. अर्धवट तुटलेले लिगामेंट पूर्ण तुटण्याची भीती याच टप्प्यावर असते.

निदान पशुवैद्यांनी हाताने केलेल्या तपासणीतून होते. मांडीचे हाड स्थिर धरून नडगीचे हाड पुढे सरकते का, हे ते पाहतात. कुत्रा ताठरला किंवा घाबरला असेल, तर हलकी गुंगी द्यावी लागते. एक्स-रेमध्ये लिगामेंट दिसत नाही. पण सांध्यात साचलेले पाणी आणि संधिवाताच्या खुणा दिसतात. हाडाचा कर्करोग, फ्रॅक्चर, वाटी सरकणे किंवा खुब्याचा आजार ही लंगडण्याची अन्य कारणे बाजूला सारण्यासाठीही एक्स-रे लागतोच. निदान न करता घरी ‘आराम’ सुरू करणे म्हणूनच धोक्याचे.

तुटलेले लिगामेंट आपोआप जुळते का?

नाही. पूर्ण तुटलेले लिगामेंट पुन्हा जुळत नाही, औषधाने नाही आणि विश्रांतीनेही नाही. मग शस्त्रक्रियेशिवाय कुत्रे चालू कसे लागतात? शरीर दुसरा मार्ग काढते. गुडघ्याभोवतीचे आवरण काही आठवड्यांत जाड आणि घट्ट होत जाते. मांडीचे स्नायू मजबूत असतील, तर तेही सांधा आवळून धरतात. दोर तुटल्यावर हातगाडीला चारी बाजूंनी पट्टे आवळावेत, तसे हे काम आहे. बिनशस्त्रक्रियेच्या उपचारात हे पट्टे तयार होईपर्यंत सांध्याला जपायचे आणि गाडीतील माल कमी करायचा.

कोणत्या कुत्र्यांना हा उपचार लागू पडतो?

याबाबत सर्वाधिक उल्लेख होतो तो १९८४मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा. त्यात शस्त्रक्रिया न केलेल्या ८५ कुत्र्यांची माहिती तपासली गेली. १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या कुत्र्यांपैकी सुमारे ८६ टक्के कुत्रे बरे झाले किंवा सुधारले. १५ किलोपेक्षा जास्त वजनाच्या कुत्र्यांमध्ये हे प्रमाण फक्त १९ टक्के होते. पॉमेरेनियन, पग, डॅशहुंड अशा छोट्या कुत्र्यांसाठी हा मार्ग आधी सुचवला जातो, तो या अनुभवातून.

मग ३५ किलोच्या लॅब्रॅडॉरला काहीच आशा नाही का? मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी २०१३मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे महत्त्वाचा आहे. त्यात वजन जास्त असलेले ४० कुत्रे घेतले होते. सर्वांना वजन घटवणारा आहार, वेदनाशामक औषधे आणि फिजिओथेरपी दिली. त्यातील एका गटावर त्याशिवाय ‘टीपीएलओ’ ही शस्त्रक्रिया केली. यात नडगीच्या हाडाचा उतार कापून जवळपास सपाट केला जातो. कुत्रा जमिनीवर पाय किती जोराने टेकवतो, हे यंत्राने मोजले. एका वर्षानंतर शस्त्रक्रियेच्या गटात यशाचे प्रमाण ७५ टक्के होते, तर शस्त्रक्रिया न केलेल्या गटात सुमारे ६४ टक्के.

या आकड्यांतून दोन गोष्टी निघतात. पहिली, मोठ्या आणि सक्रिय कुत्र्यासाठी शस्त्रक्रिया सरस आहे. सहा महिन्यांच्या टप्प्यावर तर हा फरक कितीतरी मोठा होता : ९३ टक्के विरुद्ध ३३ टक्के. दुसरी, शस्त्रक्रिया शक्य नसेल तरी शिस्तीने केलेल्या उपचाराला अर्थ आहे; मात्र वेळ बराच जास्त लागतो. नुसते घरी बसवून ठेवणे आणि हा उपचार यांत मोठे अंतर आहे.

वजन किती घटवायचे?

या संपूर्ण उपचारात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक गोष्ट हीच. संधिवात असलेल्या लठ्ठ कुत्र्यांवरील २०१०च्या एका अभ्यासात शरीराचे वजन सहा टक्क्यांच्या आसपास घटताच लंगडणे स्पष्टपणे कमी झालेले दिसले. ३६ किलोच्या कुत्र्यासाठी याचा अर्थ साधारण सव्वादोन किलो.

आठवड्याला एकूण वजनाच्या १ ते २ टक्के घट सुरक्षित मानली जाते. त्यासाठी खाणे अंदाजाने न देता किचनमधल्या वजनकाट्यावर मोजून द्यावे. बिस्किटे, चपातीचे तुकडे, चीज, टेबलावरून हळूच दिलेला घास या सगळ्याचा हिशेब रोजच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांत बसला पाहिजे. घरातील प्रत्येक जण ‘एकच तुकडा’ देत असेल, तर आजीपासून नातवापर्यंत सर्वांना नियम सांगावा लागतो. बरगड्या हलक्या हाताने चाचपल्यावर सहज जाणवल्या आणि वरून पाहताना कंबर दिसली, तर वजन योग्य आहे.

विश्रांती आणि व्यायाम एकाच वेळी कसे?

पहिले सहा ते आठ आठवडे धावणे, उड्या, जिने आणि इतर कुत्र्यांशी खेळणे बंद. घरात एकटा असताना त्याला छोट्या खोलीत किंवा पिंजऱ्यात ठेवावे. फिरायला नेताना आखूड पट्टा लावूनच न्यावे. सुरुवातीला दिवसातून तीन-चार वेळा पाच-पाच मिनिटे पुरेशी असतात. लंगडणे वाढत नसेल, तर दर आठवड्याला वेळ थोडा थोडा वाढवता येतो.

चाल मुद्दाम संथ ठेवावी. वेगात कुत्रा दुखरा पाय उचलून तीन पायांवर पळतो. संथ चालताना तो चौथा पाय टेकवतोच आणि टेकवल्याशिवाय स्नायू तयार होत नाहीत. पुढच्या टप्प्यात सरळ बसून उठणे, जमिनीवर ठेवलेल्या काठ्या ओलांडणे, हलका चढ चढणे असे व्यायाम तज्ज्ञांच्या सल्ल्याने जोडले जातात.

शहरी फ्लॅटमधील गुळगुळीत टाइल्स या आजारात शत्रूच. पाय घसरला की सांध्याला झटका बसतो. कुत्र्याच्या रोजच्या वाटेवर रबरी पाठ असलेल्या चटया किंवा योगा मॅट अंथराव्यात. तळव्यांमधले केस आणि नखे कापलेली असावीत. लिफ्ट नसलेल्या इमारतीत जिन्यावर पोटाखालून टॉवेलची झोळी करून आधार देता येतो.

पाण्यातील ट्रेडमिलचा उपयोग का होतो, हे एका मोजमापातून कळते. पाणी खुब्याच्या उंचीपर्यंत असेल, तर कुत्र्याच्या पायांवर त्याच्या वजनाचा फक्त ३८ टक्के भार येतो. पाणी गुडघ्याइतकेच असेल, तर हा भार ८५ टक्के राहतो. म्हणजे पाण्याची पातळी ठरवून भार कमी-जास्त करता येतो. ही सोय जवळ नसेल, तर जमिनीवरच्या संथ चालण्यातूनही बरेच साधते. तलावात किंवा समुद्रात सोडणे मात्र टाळावे. तिथे उडी आणि घसरणे दोन्ही आवरता येत नाही.

घरातील वेदनाशामक गोळी द्यावी का?

अजिबात नाही. माणसांसाठीच्या आयब्रुफेन आणि डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांमुळे कुत्र्याच्या पोटात व्रण होऊ शकतात आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकते. पॅरासिटामॉलही स्वतःच्या मनाने देऊ नये. गिधाडांच्या मृत्यूंमुळे जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर भारतात २००६मध्ये बंदी आली. तीच गोळी माणसांसाठी मात्र घराघरांत असते.

पशुवैद्य कुत्र्याच्या वजनानुसार मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन यांसारखी औषधे देतात. वयस्कर कुत्र्यात त्याआधी रक्ततपासणी करून यकृत आणि मूत्रपिंडाची स्थिती पाहिली जाते. औषध सुरू असताना उलट्या, काळे शौच किंवा खाणे बंद अशी लक्षणे दिसली, तर औषध थांबवून लगेच फोन करावा. या औषधांसोबत स्टेरॉइड देणे धोकादायक ठरते. त्वचेच्या आजारासाठी आधीच स्टेरॉइड सुरू असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

आणखी एक इशारा. वेदना कमी झाली की कुत्र्याला बरे वाटते आणि तो धावू पाहतो. गोळी वेदना थांबवते, सांधा बांधत नाही. पट्टा सैल करण्याची घाई इथेच नडते.

गुडघ्याचा पट्टा, इंजेक्शने, सप्लिमेंट यांचे काय?

मापाने बनवलेल्या गुडघ्याच्या ब्रेसबाबत अनेक पालक समाधानी असल्याचे अमेरिकेतील २०१६च्या एका पाहणीत दिसले. पण जवळपास निम्म्या कुत्र्यांना त्याने त्वचेवर जखमा झाल्या होत्या. ब्रेस वापरायचा, तर मापाचा हवा आणि रोज त्वचा तपासायला हवी. माणसांची नी-कॅप किंवा घट्ट क्रेप बँडेज बांधू नये. ते घसरते आणि पायाचा रक्तप्रवाह अडवू शकते.

माशाच्या तेलातील ओमेगा-३ संधिवातात काही प्रमाणात उपयोगी पडते. ग्लुकोसामाइनबाबतचे पुरावे कमकुवत आहेत. प्लेटलेट किंवा स्टेम सेलच्या इंजेक्शनांचे पुरावे अजून मर्यादित असल्याने त्यावर मोठा खर्च करण्याआधी तोच पैसा आहार, तपासण्या आणि फिजिओथेरपीवर लावणे शहाणपणाचे.

थांबायचे कधी आणि शस्त्रक्रियेकडे वळायचे कधी?

मांडीच्या आणि नडगीच्या हाडांमध्ये मेनिस्कस नावाच्या कूर्चेच्या दोन गाद्या असतात. सांधा डळमळत राहिला की आतली गादी फाटते. चालताना ‘कट्’ असा आवाज येणे किंवा सुधारत असलेला कुत्रा अचानक पुन्हा पाय उचलू लागणे, ही तिची लक्षणे. ही वेदना विश्रांतीने सहसा जात नाही.

म्हणून उपचार सुरू करतानाच फेरतपासणीची तारीख ठरवावी. दर आठवड्याला तीन नोंदी ठेवाव्यात : वजन, शिंप्याच्या टेपने एकाच जागी मोजलेला दोन्ही मांड्यांचा घेर आणि मागून काढलेला चालण्याचा स्लो मोशन व्हिडीओ. सहा ते आठ आठवड्यांनी कुत्रा पाय नीट टेकवत नसेल, मांडी बारीकच होत असेल किंवा तो अबोल आणि चिडका झाला असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार पुन्हा करायला हवा. परळ, नागपूर आणि शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही दुसरे मत घेता येईल.

संधिवात दोन्ही मार्गांत कमी-अधिक प्रमाणात वाढतोच, त्यामुळे वजनाची शिस्त जन्मभराची. शस्त्रक्रिया नको असे ठरवणाऱ्या घराने उपचार नको असे ठरवलेले नसते. उलट रोजचे काम डॉक्टरांकडून स्वतःकडे घेतलेले असते. ते काम महिनोन्‌महिने निभेल का, हा प्रश्न पहिल्याच भेटीत स्वतःला विचारलेला बरा. कारण कुत्रा वेदना सहसा बोलून दाखवत नाही. तो फक्त कमी चालू लागतो.